समजलं का?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीचा आनंदच आहे. एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी नाईन की एटी नाईन, यात मी अजून गोंधळते. तेव्हा चुका पोटात घाला.

माझी रूममेट हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम. वर्गात कायम मागचा बाक. फर्स्ट इयरला तिचे दोन विषय बॅक राहिले. मी रोज रात्री तिला शिकवायचे आणि दर पाच मिनिटांनी विचारायचे, "समजलं का?" ती मान हलवायची. मला वाटायचं, किती मदत करते मी!

सेकंड इयरला मशीन्सच्या लॅबमध्ये सरांनी विचारलं, थ्री फेज इंडक्शन मोटर चालू असताना एक फेज गेला तर? मी फाडफाड इंग्रजीत सांगितलं, मोटर लगेच थांबेल. सर "नो" म्हणाले आणि तास संपला. ती गप्पच.

रात्री मेसमधून येताना ती म्हणाली, "मी बॅग भरलीय. रविवारी जाते. इथं माझं काही खरं नाही." मी नेहमीसारखं समजावणार होते, पण तोंडातून भलतंच निघालं, "त्या मोटरचं काय होतं गं?"

ती थांबली. "अगं, चालू मोटर लगेच थांबत नाही. आवाज बदलतो, करंट वाढतो, तापते. लक्ष गेलं नाही तर वाइंडिंग जळते. बंद असली तर सुरूच होत नाही, नुसती गुं गुं करते."

शेतीची लाईट रात्रीची, म्हणून ती बाबांबरोबर विहिरीवर जायची. एकदा मोटर जळली, रिवाइंडिंगला पैसे नव्हते, हरभरा वाळला. जिन्यावर बसून मी तासभर नुसती ऐकत होते. 'पोटेन्शियल डिफरन्स' मी पाठ केलं होतं. तिच्या शाळेतला 'विभवांतर' शब्द ऐकला तेव्हा त्यातलं अंतर पहिल्यांदा कळलं.

"पुढच्या प्रॅक्टिकलपर्यंत थांब," मी म्हटलं. तिला विचारूनच सरांशी बोलले. सर म्हणाले, "मराठीत सांगू दे की." तिचा आवाज कापत होता, पण सांगितलं. मग मागच्या बाकावरून आणखी दोघांनी प्रश्न विचारले. वर्षभरात त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता.

एआयसीटीईने 2021 मध्ये मराठीसह भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. चांगलंच झालं. पण शेजारच्या बाकावरचीला "तुला काय वाटतं?" विचारायला कुणाची परवानगी लागते?

बॅग रिकामी झाली. एक बॅक अजून आहे. आता रात्री आम्ही दोघी शिकवतो, आणि "समजलं का?" ती मला विचारते.