सायकल गेली, नंबर राहिला

वाचकहो, आज एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरी सायकल असेल, तर तिचा नंबर काय?

जमिनीचा गट नंबर तुम्हांला झोपेतून उठवून विचारला तरी सांगाल. गाई-म्हशींच्या कानात आता बारा आकडी बिल्ला असतो, त्याचीही नोंद असते. पण सायकलीलाही कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो, हे पुष्कळ घरांना माहीत नसते. मलाही ते ठाऊक नव्हते. ते ठाऊक होईपर्यंत माझ्या हातून एक मोठी चूक घडली, तीच आज तुम्हांला सांगायची आहे.

निमित्त झाले ते गेल्या गणपतीतले. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मुलगी रोज गावाहून सायकलने पनवेल स्टेशनपर्यंत येते आणि तिथून लोकलने कॉलेजला जाते. त्या दिवशी संध्याकाळी ती परत आली, तर सायकल जागेवर नाही. मी सहज त्यांच्या घरी गेलो होतो. पाहतो तर दहा-बारा माणसे जमलेली. मी विचारले, "सायकलीचा नंबर काय?" कोणी बोलेना. पण चोर कोण, याबद्दल मात्र सर्वांचे एकमत होते. स्टेशनबाहेर भंगार वेचणारा एक पोरगा फिरत असतो, त्यानेच नेली असणार! दोघे तरुण तर त्याला धरायला निघालेही होते.

मी दोघांना हाताला धरून खाली बसवले. "आधी माझी एक हकिकत ऐका, मग काय ते करा," असे म्हणालो.

गोष्ट १९९४ सालची. दापोलीहून बी.एस्सी. शेतीची पदवी घेऊन मी शेती खात्यात नवाच लागलो होतो. पनवेल तालुक्यातली डोंगराकडची काही गावे आणि वाड्या माझ्याकडे होत्या. आमचे घर पेण तालुक्यात. नोकरीचा हुकूम आला, तेव्हा वडिलांनी आपली काळी ॲटलस सायकल मला दिली. भात विकून आलेल्या पैशातून त्यांनी ती १९७८ साली नवी घेतली होती. सोळा वर्षे तेलपाणी करून सांभाळलेली. देताना ते इतकेच म्हणाले, "हिच्यावर बसून लोकांच्या बांधावर जा. कचेरीत बसू नको."

त्या सायकलीवर बियाण्याच्या पिशव्या बांधून मी वाड्यावाड्यांना जाई. एका कातकरी वाडीवर वरकस जमिनीत सुधारलेल्या नाचणीचे बी द्यायचे ठरले होते. माणसे आधी बुजलेली. सरकारी माणूस आला की घरात शिरणारी. चार-पाच महिने खेटे घातल्यावर कुठे ती माझ्याशी बोलू लागली. त्या वाडीतला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा पनवेलच्या बाजारात रानभाजी आणि करवंदे विकायला बसे. मी दिसलो की तो सायकलीची घंटी वाजवून बघायचा. "साहेब, एक चक्कर मारू द्या की," म्हणायचा. मी हसून नाही म्हणायचो.

वैशाखातली दुपार होती. बाजारात एका दुकानासमोर सायकल लावून मी आत गेलो. दोन मिनिटांचे काम, म्हणून मागच्या चाकाला कुलूपही घातले नाही. बाहेर आलो, तर सायकल नाही! माझ्या तर पायांखालची जमीनच सरकली. वडिलांना काय तोंड दाखवणार? माणसे जमली. कोणीतरी विचारले, "कोणावर संशय?" आणि वाचकहो, माझ्या तोंडून निघून गेले, "तो कातकऱ्याचा पोर सारखा सायकलीला हात लावायचा."

तेवढे एक वाक्य पुरले. पोर अजून टोपली घेऊन तिथेच बसलेला होता. चोरी करणारा टोपलीशी बसून राहील का, एवढा विचारही कोणाला सुचला नाही. मलाही नाही, पदवीधराला! लोकांनी त्याला दंडाला धरून बाजारातून चालवत पोलिसांकडे नेले. दिवसभर त्याला बसवून ठेवले. दोन-चार थपडाही बसल्या. त्याची आई संध्याकाळपर्यंत बाहेर उन्हात उभी होती. मी तिच्यासमोरून गेलो, पण मान वर करून पाहिले नाही. पोराकडे काहीच सापडले नाही, म्हणून रात्री त्याला सोडून दिले.

सायकल मिळाली नाही. मृगाला मी बियाणे घेऊन एस.टी.ने आणि पुढे पायी वाडीवर गेलो, तर एकाही घराचे दार उघडेना. नाचणीचे बी मी पिशवीतच परत आणले. वाडीचा तो हंगाम जुन्याच बियाण्यावर गेला.

अखेर धीर करून वडिलांना सांगितले. ते रागावले नाहीत. फळीवरची जुनी वही त्यांनी काढली. त्या वहीत म्हैस कधी व्याली, कोणाकडून किती भात येणे आहे, अशा नोंदी होत्या. त्यातच एका ओळीत सायकल घेतल्याची तारीख होती आणि शेजारी एक लांबलचक आकडा. "हा तिचा नंबर. चौकटीवर ठोकलेला असतो," ते म्हणाले. मग विचारले, "पोलिसांत काय लिहून दिलेस?" मी म्हटले, "काळी ॲटलस सायकल." ते म्हणाले, "अरे, काळ्या ॲटलस सायकली गावोगाव आहेत. त्यातली आपली कोणती, हे पोलिसांनी ओळखायचे कशावरून?"

मी त्या नंबराच्या पंचवीस-तीस चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. एक पोलिसांत दिली. बाकीच्या पनवेल, पेण, रसायनी, खोपोलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानांत आणि भंगारवाल्यांकडे वाटल्या. श्रावणात रसायनीच्या बाजूच्या एका दुकानदाराचा निरोप आला. पायडलचा एक्सल बदलण्यासाठी त्याने एक सायकल उलटी केली होती. सीट नवी, मडगार्ड नवे, रंगही हिरवा. पण फडक्याने चिखल पुसला, तर खाली चिठ्ठीतलाच नंबर! त्याने गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवले आणि पोलिसांना कळवले.

सायकल ज्याच्याकडे होती, तो बिचारा एक मजूर. पावती न घेता स्वस्तात मिळाली म्हणून त्याने ती घेतली होती. विकणारा कोण, ते त्याच्याकडून कळले. तो कातकरी नव्हता, भुकेला नव्हता, परकाही नव्हता. इस्त्रीचे कपडे घालून बाजारात फिरणारा, चांगल्या खात्यापित्या घरचा तरुण होता तो. त्या दुपारी गर्दीत उभा राहून "पोराला धरा" म्हणणाऱ्यांतही तो होता, असे पुढे दुकानदाराने सांगितले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण सहज बोलतो. त्या फाशीचा दोर या खेपेस माझ्या हातात होता.

सायकल मिळाली, तरी ती मुद्देमाल म्हणून आवारात पावसात उभी होती. कोर्टात अर्ज करून, जामीनपत्र लिहून देऊन दिवाळीला ती ताब्यात आली. पहिल्याच रविवारी मी ती घेऊन वाडीवर गेलो. त्या मुलाच्या आईपुढे हात जोडले आणि म्हणालो, "माझे चुकले. मला माफ करा."

ती सूप पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पोराला धरला तवा सगला बाजार बघत व्हता, साहेब. माफी मागाया मात्र तुमी वाडीवर आलाव."

यावर मला काही उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बरोबर घेऊन बाजारात गेलो. त्याच दुकानासमोर उभे राहून, ऐकणाऱ्या सर्वांसमोर सांगितले, की चोरी दुसऱ्याने केली, याच्यावर मी खोटा आळ घेतला. काही हसले, काहींनी मान फिरवली. मुलगा काही बोलला नाही. परत निघताना त्याने घंटी एकदा वाजवली. मी सायकल त्याच्या हातात दिली. पुढच्या मृगाला वाडीने नाचणीचे बी घेतले. सगळ्यांनी नाही, पण सात घरांनी घेतले.

बंधू-भगिनींनो, आता कामाच्या गोष्टी सांगतो. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये म्हणून आजच हे करा.

सायकल उलटी करा. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या खालच्या अंगाला नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटच्या खाली, चौकटीच्या उभ्या नळीवर पाहा. तो वहीत लिहा. आता घरोघरी मोबाइल आहे, तेव्हा नंबराचा, सायकलीचा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. चोर रंग बदलतो, सीट बदलतो. नंबर मात्र कानशीने घासावा लागतो आणि घासल्याची खूण लपत नाही. मागच्या चाकाचे कुलूप असले, तरी चोर सायकल उचलून नेतो. म्हणून साखळी चौकटीतून आणि चाकातून ओवून रोवलेल्या खांबाला लावा, अगदी दोन मिनिटांचे काम असले तरी.

चोरी झालीच, तर पहिल्या दिवशीच नंबरासह फिर्याद द्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. चोरीचे पूर्वीचे कलम ३७९ आता कलम ३०३ झाले आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या ठाण्यात पहिली खबर देता येते. नोंदवलेल्या खबरीची प्रत फुकट मिळणे हा तुमचा हक्क आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा. नव्या कायद्यात ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या चोरीची नोंद अदखलपात्र म्हणून होऊ शकते आणि मग तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. म्हणून पावती जपून ठेवा आणि किंमत खरी सांगा.

सायकल सापडली, तर ती ठाण्यात कुजत ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितले आहे, की असा मुद्देमाल फार दिवस ठाण्यात ठेवू नये. पंचनामा करून, फोटो काढून, मालकाकडून जामीनपत्र घेऊन तो परत द्यावा. त्यासाठी कोर्टात साधा अर्ज करावा लागतो. आणि जुनी सायकल विकत घेताना विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सायकलीचा नंबर लिहिलेली सही-पावती घ्या. चोरीचा माल आहे हे जाणून तो घेणे हाही गुन्हाच आहे.

२०१८ साली 'सायकल' नावाचा मराठी चित्रपट आला होता. त्यात कोकणातल्या एका ज्योतिषाची सायकल दोघे चोर पळवतात. पण जातील तिथे लोक ती सायकल ओळखतात आणि चोरांनाच तिच्या मालकाचे स्नेही समजून मान देतात. पूर्वी गावात सायकल अशी ओळखीची असे. आता पनवेल स्टेशनबाहेर शेकडो सायकली उभ्या असतात. तिथे आपली सायकल ओळखणारा एकच साक्षीदार उरला आहे. तो म्हणजे तिचा नंबर.

ही हकिकत संपली, तेव्हा ते दोघे तरुण गप्प बसले होते. मुलीच्या आईने उठून ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या घडीतून सायकलीची पावती काढली. नंबर तिच्यावर होता. रात्रीच फिर्याद दिली आणि दुसऱ्या दिवशी मुलीने स्वतः चिठ्ठ्या लिहून दुकानांत वाटल्या. सायकल अजून मिळालेली नाही. मिळेल अशी आशा आहे. पण स्टेशनबाहेरच्या त्या पोराला कोणी हात लावला नाही, एवढे नक्की.

सायकल गेली तर दुसरी घेता येते, वाचकहो. भर बाजारात घेतलेला आळ परत घेणे फार कठीण असते. म्हणून हा अंक खाली ठेवण्याआधी उठा, सायकल उलटी करा आणि तो नंबर लिहून ठेवा.