फाइल उघडेना, म्हणून धीर कशाला सोडायचा?

मैत्रिणींनो, मिक्सर चालेनासा झाला तर आपण काय करतो? भांडं नीट बसलंय का ते बघतो, प्लग दुसऱ्या ठिकाणी लावून पाहतो, मिक्सर उलटा करून खालचं तांबडं बटण दाबतो. एवढं सगळं करून झाल्यावरच तो पिशवीत घालून दुकानात न्यायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण घरातल्या कॉम्प्युटरवर एखादी फाइल उघडायला घ्यावी नि स्क्रीन पांढरीफटक पडावी, की आपले हातपाय गळतात. ‘मी काही केलं नाही हं!’ असं आधीच सांगून आपण उठतो आणि मुलाला नाहीतर ‘ह्यां’ना हाक मारतो.

आता हे यंत्र काही फक्त पुरुषांच्या कामाचं राहिलेलं नाही. कुणी बचत गटाचे हिशेब ठेवते, कुणी सोसायटीची वर्गणी लिहिते, कुणी शिकवणीच्या फिया नि डब्यांची गिऱ्हाइकं मांडून ठेवते. म्हणजे ऐन वेळी फाइल उघडली नाही तर अडतं ते आपलंच. तेव्हा त्याची थोडी ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?

पहिली गोष्ट. वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे शब्द आले म्हणजे फाइल गेली, असं मुळीच नाही. विंडोजची रीत अशी, की एखाद्या प्रोग्रॅमनं पाच सेकंद हाकेला ओ दिली नाही की त्याची खिडकी फिकट करायची आणि वर ही पाटी लावायची. त्याचा अर्थ एवढाच, की बाई आत कशात तरी गुंतलेल्या आहेत, दार उघडायला आल्या नाहीत. अशा वेळी आपण माउस दहादा दाबतो, म्हणजे दहादा बेल वाजवतो. त्यानं काम लवकर होत नाही, उलट कामांची रांग वाढते. दोन-तीन मिनिटं थांबावं. एवढ्यानंही काही हाललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबावी, समोर येणाऱ्या यादीत त्या प्रोग्रॅमचं नाव निवडावं आणि ‘एंड टास्क’ म्हणावं. भिंतीवरचं बटण मात्र बंद करू नये. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर फाइल खरोखरच खराब होऊ शकते.

आमच्या गटाची हकिगत सांगते. आम्ही चौदा जणी. दरमहा प्रत्येकीचे दोनशे, म्हणजे वर्षाचे ३३,६०० रुपये. त्यातूनच एकमेकींना अडीअडचणीला कर्ज द्यायचं नि व्याजासकट परत घ्यायचं. रक्कम मोठी नाही, पण ती प्रत्येकीनं भाजी, रिक्षा, स्वतःची चैन यांना कात्री लावून बाजूला काढलेली. हिशेब माझ्याकडे. आमचा जुना कॉम्प्युटर थकला, तेव्हा पुण्याच्या भाच्यानं त्याच्या कचेरीतला वापरलेला लॅपटॉप आम्हांला दिला. त्याच्यावर गटाची एक्सेलची फाइल ठेवली आणि पहिल्या दिवसापासून रडगाणं सुरू झालं. फाइलवर टिचकी मारली की स्क्रीन पांढरी. कधी दोन मिनिटांनी उघडायची, कधी तशीच पडून राहायची. ‘जुनं मशीन आहे, असंच चालायचं,’ असं सगळे म्हणाले.

तोवर कर्जासाठी बँकेत वर्षाचा हिशेब देण्याची तारीख आली. बैठकीत मी फाइल दाखवायला बसले नि सगळ्यांच्या देखत ती अडकली. कुणी काही बोललं नाही. पण आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, “अगं, पैसे तर आहेत ना गं?” त्यांच्या मनात संशय नव्हता, भीती होती. त्यांनी आयुष्यभर वहीत हिशेब पाहिलेला. वही उघडत नाही असं कधी होतं का? फाइल उघडत नाही म्हणजे हिशेब नाही, आणि हिशेब नाही म्हणजे पैसे नाहीत, असं त्यांना वाटलं तर नवल काय! गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड या चार गोष्टींबरोबर पाचवी गोष्ट नियमित हिशेबाची आहे, ती उगाच नाही. त्या पाचवीवरच उरलेल्या चारी उभ्या असतात.

आमचे ‘हे’ म्हणाले, “तू हात लावू नकोस, दुकानात देऊ.” दुकानातला मुलगा लॅपटॉप न उघडताच म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारावं लागेल.” फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं मांडणं. चाळणीला भोक पडलंय का हे न बघता अख्खं स्वयंपाकघर पाडायला निघण्यातलाच प्रकार! मी “विचार करून सांगते” म्हटलं आणि लॅपटॉप घरी घेऊन आले.

मग मी स्वतःलाच दोन प्रश्न विचारले. तुम्हीही हेच दोन विचारा, सगळी मेख यांतच आहे. पहिला : हीच एक फाइल अडते, की सगळ्याच अडतात? दुसरा : ही फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशी उघडते? घरातला फ्यूज सारखा जातो तेव्हा आपण एकेक वस्तू लावून पाहतो ना, गीझरनं जातो की इस्त्रीनं? अगदी तसंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पेनड्राइव्हवर फाइलची प्रत घेऊन मी शेजारच्या वहिनींकडे गेले. त्यांच्याकडे ती चुटकीसरशी उघडली. म्हणजे फाइल धडधाकट! निम्मा जीव तिथेच भांड्यात पडला. घरी येऊन नातवाच्या निबंधाची वर्डची फाइल उघडून पाहिली, तर तीसुद्धा तशीच रखडली. म्हणजे दोष कुठल्या एका फाइलचा नाही, मशीनच्या मांडणीत काहीतरी आहे.

मग कंट्रोलचं बटण दाबून धरून एक्सेलच्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली. ‘सेफ मोडमध्ये उघडू का?’ असं ते विचारतं, त्याला हो म्हणायचं. सेफ मोड म्हणजे पाहुणेरावळे न घेता एकटंच येणं. वर्ड-एक्सेलला निरनिराळ्या कंपन्यांचे छोटे प्रोग्रॅम चिकटलेले असतात, त्यांना अ‍ॅड-इन म्हणतात. सेफ मोडमध्ये ते बाहेरच राहतात. सेफ मोडमध्ये फाइल झटकन उघडली तर समजावं, की गडबड त्या पाहुण्यांपैकी कुणाची तरी आहे. मग ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘अ‍ॅड-इन्स’ असं जाऊन खाली ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ म्हणायचं आणि एकेकापुढची खूण काढत पाहायचं. आमच्याकडे सेफ मोडमध्येही रखडलंच. म्हणजे पाहुणे निर्दोष.

शेवटी फाइल एकदाची उघडली, तेव्हा म्हटलं निदान कागदावर तरी घेऊ. ‘प्रिंट’वर गेले, तर तिथे प्रिंटरचं नाव कुठलं? भाच्याच्या कचेरीतल्या प्रिंटरचं! आमच्या घरात प्रिंटरच नाही. तेव्हा उलगडा झाला. वर्ड नि एक्सेल फाइल उघडताना आपल्या ठरलेल्या प्रिंटरला विचारून घेतात, की बाबा, तुझा कागद केवढा, समास किती? त्यावरून ते पानाची मांडणी करतात. आमचं यंत्र साताऱ्यात बसून पुण्याच्या प्रिंटरला हाका मारत होतं आणि तिकडून ओ येत नव्हती. घरचा कर्ता आल्याशिवाय पान वाढायचं नाही, अशी सोवळी पद्धत! कर्ता गावाला गेला, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

उपाय अगदी साधा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ असतं. तिथे ‘विंडोजनं प्रिंटर ठरवावा’ अशा अर्थाची जी खूण असते ती काढली, ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हे नाव निवडलं आणि त्याला ‘डीफॉल्ट’ केलं. हा प्रिंटर यंत्राच्या आतच असतो, कुठे गावाला जात नाही. फाइल दोन सेकंदांत उघडली. दमडी खर्च झाली नाही.

आता दुसरी बाजू. समजा बाकीच्या सगळ्या फायली ठीक उघडतात, एकच अडते. असं झालं ते आमच्या वहिनींच्याच बाबतीत. त्यांची शिकवणीच्या फियांची फाइल. मुलं चाळीस, पण फाइल उघडायला चहा होईपर्यंतचा वेळ. त्यांना म्हटलं, “वहिनी, कंट्रोल आणि एंड दाबा बरं.” ही बटणं आपल्याला कागदाच्या वापरलेल्या शेवटच्या चौकटीत नेऊन सोडतात. गेलो कुठे, तर लाखाच्याही पुढच्या ओळीत! एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी असतात. बेरजेचं सूत्र ओढता ओढता ते खालपर्यंत पोचलं होतं, नि यंत्र बिचारं दर वेळी रिकाम्या घरांचे हिशेब करत बसे. आधी फाइलची प्रत काढून ठेवली, मग शेवटच्या मुलाखालच्या साऱ्या ओळी निवडून ‘डिलीट’ केल्या नि फाइल सेव्ह केली. झालं काम.

आणखी काही कारणं थोडक्यात सांगते.

फाइल खरोखरच बिघडल्याची शंका असेल तर तिच्यावर थेट टिचकी मारू नका. एक्सेल उघडून ‘फाइल’, ‘ओपन’, ‘ब्राउझ’ असं जा, फाइल निवडा आणि ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणावर दाबा. तिथे ‘ओपन अँड रिपेअर’ अशी सोय असते.

वनड्राइव्हवरच्या फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती तुमच्या यंत्रात नाहीच, इंटरनेटवरून यायची आहे. इंटरनेट मंद असेल तर ती रखडणारच. उजवी टिचकी मारून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडून ठेवा.

ई-मेलनं आलेली फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडते, ती कधी कधी तिथेच अडते. ती उतरवून घ्यावी, उजव्या टिचकीनं ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करावी. पण पाठवणारा माणूस ओळखीचा असेल आणि त्यानंच ती पाठवल्याची खात्री असेल तरच हं! अनोळखी माणसाला आपण दाराची साखळी काढून आत घेतो का?

हे सगळं करूनही सगळ्याच फायली अडत असतील, तर कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रॅमांच्या यादीत ऑफिस शोधा, ‘चेंज’ म्हणा आणि आधी ‘क्विक रिपेअर’ करा. त्यानं भागलं नाही तर ‘ऑनलाइन रिपेअर’. त्याला वेळ जास्त लागतो नि इंटरनेटही लागतं. आपल्या फायलींना यात धक्का लागत नाही. फॉरमॅटचा विचार त्याच्याही नंतर.

एक सावधगिरी मात्र घ्या. घाबरलेल्या घाईत इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधून फोन लावू नका. ‘तुमची स्क्रीन आम्हांला दाखवा, आम्ही दुरुस्त करतो,’ म्हणणारे पुष्कळ भामटे असतात, नि त्याच स्क्रीनवर आपलं बँकेचं खातंही असतं. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

आणि यंत्र दुरुस्तीला देण्याआधी फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. दागिने उजळायला देताना आपण आधी वजन करून घेतो, तसंच हे.

आमच्या गटात आता एक नियम केला आहे. दर महिन्याच्या बैठकीआधी हिशेबाचं एक पान कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणायचं, चौदा जणींनी त्यावर सह्या करायच्या आणि ते वहीत चिकटवायचं. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर अध्यक्षांच्या कपाटात. मावशी ते पान बोटानं ओळ ओळ वाचतात, स्वतःच्या नावापुढची रक्कम दोनदा बघतात आणि मगच सही करतात. मला त्यात जराही कमीपणा वाटत नाही. त्यांचे कष्टाचे पैसे आहेत, त्या बघणारच.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीन पांढरी झाली तर लगेच खुर्चीवरून उठू नका. दोन मिनिटं थांबा, ते दोन प्रश्न विचारा आणि एकेक गोष्ट करून पाहा. मुलगा किंवा ‘हे’ मदतीला असले तर त्यांना शेजारी बसू द्या. पण माउस आपल्या हातात ठेवा.