गच्चीची डागडुजी

सरकारी कंत्राटदार हा शब्द निघाला कीं आपल्या घरांतून एक विशिष्ट हंसूं उमटतें. त्या हंशांत वाळूंत माती मिसळणारा, पुलाचें लोखंड खाणारा आणि पुढाऱ्यांच्या मांडवांत पहिल्या रांगेंत बसणारा एक गृहस्थ उभा असतो. परंतु कंत्राटदारांतही पायऱ्या आहेत, आणि अगदीं खालच्या पायरीवरील मंडळींची ओळख आपल्यासारख्या घरांना फारशी नाहीं. दोन चार लाखांचें काम, आठ माणसें, भाड्याचा एक टेंपो आणि कागदांनीं फुगलेली कापडी पिशवी एवढाच ज्यांचा पसारा, त्यांचें जग आम्हांस गेल्या कांहीं दिवसांत पुतण्यामुळें जवळून पाहावयास मिळालें.

थोरल्या बंधूंचा हा मुलगा. स्थापत्याची पदविका घेऊन कांहीं वर्षें दुसऱ्याच्या हाताखालीं राबल्यावर त्यानें स्वतःच्या नांवानें नोंदणी केली, आणि प्रारंभींच जें काम त्याच्या पदरांत पडलें तें एका सरकारी विमानठाण्यांतील इमारतीच्या दुरुस्तीचें. ठाण्याचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. विमान हा शब्द ऐकून घरांतील मुलें हरखलीं. पण काम पाहावें तर एका यंत्रखोलीची गळकी गच्ची, दोन भिंतींचा गिलावा, चार दारें आणि एक शौचकूप! मुलांचा उत्साह शौचकुपापाशीं मावळला.

विमान आणि ओलें छप्पर यांचें नातें मात्र जुनें आहे. मुंबईस जुहूचा विमानतळ १९२८ सालीं झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अमदाबादमार्गें टपाल घेऊन उतरले ते याच तळावर. तेथून पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बल्लारीवरून मद्रासेस नेलें. त्या कंपनीचें जुहूचें ठाणें म्हणजे झावळ्यांनीं शाकारलेली एक झोंपडी होती, आणि पावसाळ्यांत तळाचा चिखल होई म्हणून सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. त्याच्याही पूर्वींचें पाहावयाचें तर भोजराजाच्या समराङ्गणसूत्रधारांत गृहरचनेच्या शास्त्राशेजारींच पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लांकडी पक्ष्याचें वर्णन आहे. यंत्राची घडण आपण मुद्दाम गुप्त ठेवली आहे असें ग्रंथकारच सांगतो. तेव्हां तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस वैमानिक ठरविणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. गच्चीस उतार असावा हें ज्ञान तर कोणी गुप्त ठेवलें नव्हतें. तरीही तें पुष्कळ सरकारी इमारतींतून हरवलेलें दिसतें.

असो. काम मिळण्याची रीत अशी. कचेरी दरसूचीवरून अंदाजपत्रक करते. निविदा संगणकावरून भरावयाची, बयाणा ठेवावयाचा, आणि पात्र ठरलेल्यांत ज्याचा आंकडा सर्वांत खालीं त्यास काम. अंदाजापेक्षां दर किती टक्के ‘उणे’ घालावा यावर सारी चढाओढ. पुतण्याचा हिशेब उणे बारावर थांबत होता. दुसऱ्या एकानें उणे एकतीस घालून काम घेतलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर हा विषय निघाला तेव्हां वहिनींनीं विचारलें, “शंभराचें काम एकुणसत्तरांत होत असेल, तर सरकार शंभर कशाला लिहितें?” प्रश्न बिनतोड होता. ते एकतीस रुपये आकाशांतून पडत नाहींत. ते सिमेंटांतून निघतात, कोब्याच्या जाडींतून निघतात, नाहीं तर मजुरांच्या ताटांतून निघतात. त्या गृहस्थांस यांपैकीं कोठूनच काढतां आले नसावेत, कारण इतक्या खालच्या दराबद्दल मागितलेली जादा अनामत त्यांनीं भरलीच नाहीं. निविदा पुन्हां निघाली, आणि या खेपेस उणे बारास काम आमच्या घरीं आलें. भांडवलासाठीं वहिनींच्या पाटल्या बँकेंत गेल्या.

माणसें पोशेऱ्याचीं. मोखाडे तालुक्यांतील या गांवीं आम्हीं अनेक वर्षें शाळा केली. डोंगरउतारावरची नागली आणि वरई निघाली कीं तेथील घरांना कुलपें लागतात आणि माणसें भिवंडी, ठाणें, नाशिक, मुंबई अशीं बांधकामांवर पांगतात. फाल्गुनांत शिमग्याला आणि मोखाड्याच्या बोहाड्याला परत यावयाचें हा त्यांचा नेम. याच मुलखांतील जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हवाई दलांत अधिकारी होते. त्यांच्या प्रजेचे नातू आतां विमानांच्या सोबतीस निघाले होते ते थापी आणि ओळंबा घेऊन. टोळीचा म्होरक्या गवंडी आमचाच विद्यार्थी.

विमानाच्या आवारांतील डागडुजी आणि आपल्या वाड्याची डागडुजी यांत पुष्कळ अंतर आहे. प्रथम प्रत्येक माणसाची पोलिसांकडून तपासणी. ती होऊन प्रवेशपत्र हातीं येईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस सारीं माणसें मुंबईत बसून खात होतीं. हत्यारांची यादी फाटकावर द्यावयाची आणि संध्याकाळीं तीं मोजून बाहेर काढावयाचीं. खिळा, तारेचा तुकडा, सिमेंटाची रिकामी पिशवी, कांहींही उघड्यावर राहतां कामा नये. हा जाच नव्हे. २५ जुलै २००० रोजीं पॅरिसहून निघालेल्या काँकॉर्ड विमानाचें चाक, आधीं उडालेल्या विमानांतून गळून पडलेल्या एका धातूच्या पट्टीवरून गेलें. टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टांकीखालीं आदळला, आणि ११३ माणसें प्राणास मुकलीं. पुतण्यानें ही हकीकत माणसांस सांगितली, आणि त्या दिवसापासून टोळींतील एक बाई संध्याकाळीं ओंजळींत खिळे मोजूं लागली. सकाळचे आणि संध्याकाळचे आंकडे जुळल्यावांचून ती हातपाय धुवावयास जात नसे.

गच्चीचा जुना कोबा फोडून स्लॅब उघडी केली. तीवर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, सरासरी १२० मिलिमीटर जाडीचा, पन्हळीच्या तोंडाशीं निदान ६५. कठड्याच्या कडेनें गोलसर वाटा, म्हणजे कोपऱ्यांत पाणी मुरत नाहीं. आणि शेवटीं पाणी कोंडून परीक्षा. खालीं यंत्रें चालूं होतीं, त्यांवर ताडपत्री. मुंबईच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस त्या गच्चीवर कोसळावयाचा, आणि तिच्या न गळण्याची हमी पुतण्यानें दहा वर्षांची लिहून दिली होती. माघांत काम पुरें झालें. पाणी सात दिवस कोंडलें. खालीं एक थेंब नाहीं.

आणि येथें घोडें अडलें. ज्या अधिकाऱ्यांसमोर काम झालें त्यांची बदली झाली, आणि मोजवहींत कोब्याच्या जाडीची नोंद राहून गेली. नवे साहेब म्हणाले, झांकलेलें काम आम्ही कसें मानावें? गच्चीस तीन ठिकाणीं भोंकें पाडून जाडी दाखवा. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. पाणी अडावें म्हणून केलेल्या कामास पाणी शिरावें अशीं भोंकें पाडावयाचीं, आणि हमी मात्र दहा वर्षें तशीच! पुतण्यानें नकार दिला. बिल थांबलें.

शिमगा बारा दिवसांवर आला होता. आठ माणसांची मजुरी, आगाऊ दिलेली वजा जातां, सव्वा लाखाच्या घरांत निघत होती. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं बिल येईपर्यंत कोणताच कंत्राटदार पुरती मजुरी देत नाहीं, निम्मी देऊन लावून द्यावें. उरलेल्या पैशांसाठीं तीं माणसें पुढल्या वर्षीं आपल्याकडेच येतील. व्यवहार म्हणून हें बोलणें खोटें नव्हे. मजूर बांधून ठेवण्याची हीच रीत सर्वत्र चालते, आणि म्हणूनच तें ऐकून आमच्या अंगावर कांटा आला. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत कामकऱ्यांच्या प्रकरणीं वेतन न देणाऱ्या धन्यास वेतनाचा दहावा हिस्सा अथवा सहा पण दंड सांगितला आहे. सरकारचें बिल येईपर्यंत सवलत त्यानें कोठें ठेवलेली आम्हांस आढळली नाहीं. आम्हीं एवढें बोलून दाखविलें. घरांत मोडण्यासारखी ठेव एकच होती, आणि ती पुतणीच्या लग्नासाठीं होती. ती मोडावी कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार आम्हां बंधूंपैकीं कोणाचाच नव्हता. पुतणी दाराशीं उभी होती. ती म्हणाली, “काका, माझें लग्न अजून ठरलेलेंही नाहीं. त्यांचा शिमगा मात्र ठरलेला आहे.” धाकटे बंधू उठून आंत गेले, दोन दिवस ते आमच्याशीं मोजकेंच बोलत होते. ठेव मोडली, आणि होळीच्या चार दिवस आधीं माणसें मजुरी घेऊन मोखाड्याच्या गाडींत बसलीं.

जाडीचा तिढा सुटला तो गवंड्यामुळें. मजुरी घेतांना तो पुतण्यास म्हणाला, जुना कोबा फोडल्यावर कठड्याच्या माथ्याला आडवी सुतळी ताणून स्लॅबपर्यंतची खोली दहा ठिकाणीं मोजली होती, ती वहींत आहे ना? होती, फोडकामाच्या नोंदींत आधींच्या साहेबांच्या सहीनिशीं होती. आतां तीच सुतळी तेथेंच ताणावी, कोब्यापर्यंत मोजावें आणि वजाबाकी करावी. नवे साहेब स्वतः गच्चीवर आले. दहाही ठिकाणीं मोजून सरासरी १२३ निघाली. भोंक एकही पडलें नाहीं. साहेबांनीं सही केली, आणि मनुष्य सरळ असला पाहिजे, कारण वजाबाकी त्यांनीं स्वतःच्या हातानें दोनदां केली.

इतकें होऊन पैसे मार्चअखेर आलेच नाहींत. त्या सालची तरतूद तोंवर दुसरीकडे खर्ची पडली होती. बिल जूनमध्यें निघालें. पाटल्या सोडवून आणल्या, ठेव पुन्हां ठेवली. मधल्या महिन्यांचें व्याज बुडालें तें बुडालें. सारा हिशेब करतां पुतण्याच्या हातीं जें उरलें तें एखाद्या कारकुनाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढें असेल, आणि अनामत अद्याप कचेरींतच आहे. पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशीं तो मुद्दाम परवानगी काढून यंत्रखोलींत गेला आणि छत हातानें चांचपून आला. हमीचा कागद वहिनींच्या ट्रंकेंत आहे; त्याची मुदत सरेल तेव्हां आम्हांस सत्त्याहत्तरावें लागलेलें असेल. मध्यंतरीं त्याच ठाण्याच्या कुंपणभिंतीची निविदा निघाली आहे. उणे किती घालावें याचा खल रोज रात्रीं चालतो, आणि आतां त्यांत धाकटे बंधूही बसतात.