अंग वजा केल्यावर

मोशन कॅप्चरचा, म्हणजे अंगाची हालचाल टिपणारा पोशाख घरी करायला बसलं की शिंप्याची गणितं उलटी होतात. शिंपी कपड्याला मोकळीक ठेवतो. इथे कपडा जितका घट्ट तितका बरा, कारण चुणी हलली तरी सेन्सरला वाटतं हाडच हललं. काळी लेगिंग, अंगाला चिकटून बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि अंगठ्याच्या नखाएवढे सेन्सर. ते सांध्यावर नाही, दोन सांध्यांच्या मध्ये लावायचे. पोटरीचं मांस चालताना थरथरतं, म्हणून तिथली पट्टी नडगीकडे सरकवायची. आपलं शरीर एरवी इतकं बारकाईने पाहतो कोण?

या पोशाखाचं घराणं जुनं आहे. १८८३च्या सुमारास पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे याने माणसाला नखशिखान्त काळे कपडे चढवले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून चालवलं. एकाच काचेवर फोटोमागून फोटो उमटले. माणूस पुसला गेला, चालणं तेवढं राहिलं. पुढे १९७३मध्ये स्वीडनच्या गुन्नार योहानसनने दाखवलं, की अंधारात सांध्यांवरचे मोजके ठिपके हलले तरी पाहणारा क्षणात ओळखतो : माणूस चाललाय. १९८१मध्ये रुनेसन आणि फ्रिकहोम यांच्या प्रयोगात तर असे ठिपके पाहून लोकांनी उचललेल्या खोक्याच्या वजनाचाही अंदाज बांधला.

आमच्याकडे पोशाख चढवण्याचा मान आत्याचा. कॅलिब्रेशनसाठी तिला हात आडवे धरून उभं केलं, तर म्हणाली, "अरे, बुजगावणं केलंस की माझं!" मग तिने तांदळाचा भरलेला डबा उचलला. पडद्यावर ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधला करडा सांगाडा वाकला. त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण उजवा खांदा आधी खाली गेला, कंबर मागे रेलली, डावा गुडघा जपत पाऊल पडलं. डबा न दिसताही त्याचं वजन दिसलं. रिकामा डबा उचलताना यातलं काहीच झालं नाही.

ती स्वस्थ उभी होती, तरी सांगाडा हळूहळू एका बाजूला वळायला लागला. सेन्सरमधला जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो आणि त्यातली कणभर चूक बेरजेत साचत जाते. झुकाव गुरुत्वाकर्षणावरून सावरता येतो, दिशा नाही. दिशेसाठी चुंबकीय सेन्सर लावावा, तर खोलीतलं लोखंडी कपाट त्याला भुलवतं.

मग येते साफसफाई. फिल्टर लावला की थरथर जाते; पण कुठली थरथर सेन्सरची आणि कुठली आत्याच्या गुडघ्याची, हे फिल्टरला कळत नाही. तिला वर्षानुवर्षं जिना चढताना पाहिलेल्या माणसालाच ते निवडायला बसावं लागतं. सेन्सरचं वळणं मी काढून टाकलं, गुडघ्याचं जपणं ठेवलं. आता त्या सांगाड्यावर राजा चढवा की राक्षस, डबा तो आत्यासारखाच उचलणार.