हुकुमाबाहेरचे नगर

चंडीगढ हे नगर सरकारी हुकुमाने निर्माण झाले. फाळणीत लाहोर सरहद्दीपलीकडे गेले, पंजाबला राजधानी उरली नाही, तेव्हा शिवालिकच्या पायथ्याची गावे उठवून, ल कॉर्बुझिए या विख्यात स्थपतीच्या देखरेखीखाली, काटकोनांत आखलेले रस्ते आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग यांची अशी एक शिस्तशीर नगरी उभारण्यात आली, की तिच्यात काय कोठे असावे याचा निकाल नकाशावर आधीच लागलेला होता. या नगरीच्या बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर देखरेख करणारा नेकचंद सैनी नावाचा एक साधा मुलाजिम होता. शिल्पकलेचे शिक्षण त्याने कोठेही घेतलेले नव्हते. आणि तोही फाळणीनेच आपल्या गावातून उपटला जाऊन इकडे येऊन पडला होता.

उठवलेल्या गावांची खापरे, फुटक्या बांगड्या, मोडक्या सायकली, डांबराची रिकामी पिंपे, विजेच्या तारांचे चिनीमातीचे निरुपयोगी रोधक, असे जे काही कोणाच्याच हिशेबात धरले जात नव्हते ते, आणि ओढ्या-नद्यांच्या पात्रांतून वेचलेले चित्रविचित्र आकारांचे दगड, तो सायकलवरून वाहून नेई. सुखना तलावाजवळ, जेथे बांधकामास सक्त मनाई होती अशा सरकारी रानात, 1957 च्या सुमारास त्याने झाडी साफ केली. आणि दिवसा नकाशाबरहुकूम रस्ते करून घेणारा हा गृहस्थ रात्री जुने टायर जाळून त्यांच्या उजेडात एका राज्याची रचना करू लागला, ज्यात राजे होते, राण्या होत्या, बांगड्यांच्या काचांनी मढलेल्या स्त्रिया होत्या, वानरे, मोर आणि सैन्य होते. सतरा-अठरा वर्षे हे गुपित टिकले. दप्तरी नोंद नाही ती वस्तूच नाही, या सरकारी दृष्टीचे याहून सुंदर फळ मला ठाऊक नाही!

पुढे सरकारी माणसांना जेव्हा या राज्याचा सुगावा लागला, तेव्हा कायद्याच्या भाषेत ते उघडउघड अतिक्रमणच होते आणि ते जमीनदोस्त करणे हेच नियमास धरून झाले असते; परंतु लोकांची रीघ लागली, आणि 1976 साली ते राज्य उद्यान म्हणून रीतसर खुले करून सरकारने गुन्हेगारालाच त्यावर पगारी अंमलदार नेमले, शिवाय दिमतीला पन्नास मजूरही दिले. 1984 साली त्याला पद्मश्री मिळाली.

मजुरांच्या साहाय्याने पुढे तेथे भव्य धबधबे झाले, कमानी झाल्या, झोपाळे टांगले गेले. जत्रेला ते शोभतात. माझे मन मात्र रमते ते त्या जुन्या, अरुंद वाटांत, जेथे दरवाजे मुद्दाम इतके ठेंगणे ठेवले आहेत की मोठ्या हुद्द्याच्या माणसालाही मान लववल्यावाचून आत जाता येत नाही. तेथे प्रत्येक मूर्तीत एका माणसाचा हात दिसतो, आणि खरे सांगायचे तर त्याचा हट्टही दिसतो.

या राज्यावर संकटे आली नाहीत असे नाही. रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा नागरिक आडवे उभे राहिले आणि तो बेत बारगळला. 2015 मध्ये नेकचंद वारले. आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयालगतचा रस्ता रुंद करण्यासाठी उद्यानाच्या भिंतीचा काही भाग अखेर पाडण्यात आला. या खेपेलाही लोकांनी निषेध केला, पण निकाल रस्त्याच्याच बाजूने लागला.