डॉक्टरांना नोकरीही सांगा

माझे काका नंदेसरीतल्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. लघवीतून रक्त गेलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांना शुगर-बीपी सांगितलं, नोकरी नाही. ती मी सांगितली. डॉक्टरांनी लगेच लिहून घेतली.

हा संबंध उलगडणाऱ्यांपैकी एक विल्हेल्म ह्यूपर. १९२३ साली ते जर्मनीतून अमेरिकेत गेले. ड्यूपाँट कंपनीत कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवलं, की रंग बनवताना वापरल्या जाणाऱ्या बीटा-नॅफ्थिलअमाइनमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो. १९३७ मध्ये त्यांची नोकरी गेली. निष्कर्ष १९३८ मध्ये छापून आले. पुढे १९४८ ते १९६४ राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्यांनी हेच काम केलं.

हा आजार अनेकदा २० वर्षांनंतरही उद्भवतो. म्हणून बाबांना आजच विचारा: कुठल्या प्लँटवर होतात, काय हाताळत होतात? आणि लिहून ठेवा.