दगडी रथ, काचेचे आकाश

‘विमान’ हा शब्द मराठी माणसाला प्रथम आकाशात नेतो. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या आख्यायिकेपासून आजच्या विमानतळापर्यंत त्याचा अर्थ उड्डाणाशीच निगडित राहिला आहे. तमिळ देशीच्या मंदिरस्थापत्यात मात्र विमान म्हणजे गर्भगृहावरील शिखर. ते जागचे हलत नाही. कावेरीकाठच्या कुंभकोणम नगरीत या दोन्ही अर्थांचे वारस नांदतात. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले तंजावरचे भोसले राज्य १८५५ पर्यंत टिकले, आणि त्याच्या आश्रयाने या परिसरात स्थिरावलेल्या घराण्यांत मराठी अद्याप बोलली जाते. १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव हे याच गावचे.

समजा, अशा एखाद्या घरातील चष्मा लावणारा तरुण संगणकावरील विमानोड्डाणाच्या सरावासाठी आभासी वास्तवाचा हेडसेट घेऊ पाहतो आहे. कोणता घ्यावा, हा त्याचा प्रश्न वरवर बाजारातला वाटतो. वस्तुतः तो भ्रमाविषयीचा एक जुना प्रश्न आहे: खरेपणाचा भास व्हावा म्हणून काय राखावे आणि काय सोडून द्यावे?

त्याच्या घराजवळच या प्रश्नाचे एक उत्तर शतकानुशतके उभे आहे. शेजारच्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधविले. त्याच्या मंडपाला शिल्पकारांनी चाके दिली, अश्व जुंपले आणि दगडाचा रथ केला. कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराचे गर्भगृहही रथाकारच आहे. गती त्यांनी दिली नाही. गतीच्या खुणा दिल्या आणि उरलेले काम पाहणाऱ्याच्या मनावर सोपविले.

विमानविद्येने आरंभी नेमकी उलट निवड केली. अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन बनविणाऱ्याचा मुलगा. त्याने १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांचे तंत्र वापरून सरावाचे यंत्र सिद्ध केले. त्यात बसणारा शिकाऊ वैमानिक डोलत असे, झुकत असे. झाकण लावले की बाहेरचे त्याला काहीच दिसत नसे, दिसत ती केवळ उपकरणे. दृश्य वगळून शरीराला हलविणारा असा हा भ्रम होता. आजचा हेडसेट डोळ्यांना सारे आकाश देतो, पण शरीर खुर्चीतच राहते. डोळा सांगतो, आपण वळलो. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय सांगते, आपण स्थिर आहोत. या विसंवादातून मळमळ उद्भवते. चित्र अडखळू लागले की ती वाढते. म्हणून दृश्यातील झाडे-इमारतींचा तपशील कमी करून चित्राची गती अखंड राखणे शहाणपणाचे.

तरुणाची खरी परीक्षा उपकरणांच्या तबकड्यांवरील आकडे वाचताना होते. निरोगी दृष्टी एका अंशात सुमारे साठ बिंदू वेगळे ओळखू शकते. २०२३ साली आलेल्या मेटा क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ बाय २२०८ बिंदू आहेत. ते विस्तृत दृष्टिक्षेत्रावर पसरल्याने एका अंशाच्या वाट्याला पंचवीसच्या आसपासच येतात. क्षितिज भव्य दिसते, बारीक आकडा मात्र पुढे वाकून वाचावा लागतो. पायमॅक्स क्रिस्टल लाइटमध्ये २८८० बाय २८८० बिंदू असल्याने अक्षर अधिक सुस्पष्ट होते; पण तो तारेने संगणकाशी बांधलेला असतो आणि त्यासाठी संगणकातील ग्राफिक्स कार्डही तसेच समर्थ, म्हणून महाग, लागते. हेडसेटची किंमत ही खर्चाची केवळ पहिली ओळ होय.

यंत्राचे आयुष्यही केवळ त्याच्या घडणीवर ठरत नाही. २०२० साली आलेला एचपी रिव्हर्ब जी २ त्याच्या सुस्पष्टतेमुळे उड्डाणप्रेमींना प्रिय झाला होता. तो ज्या प्रणालीवर चालत असे ती मायक्रोसॉफ्टने २०२४ मधील विंडोज ११ च्या आवृत्तीतून वगळली आणि सुस्थितीतील यंत्रे निराधार झाली. तेव्हा खरेदीपूर्वी त्यामागचा आधार किती टिकाऊ आहे, हेही पाहावे. दोन बुबुळांतील अंतर माणसागणिक निराळे, प्रौढांत सरासरी सुमारे ६३ मिलिमीटर. भिंगे त्याला जुळत नसतील किंवा आत चष्म्याला जागा नसेल, तर बिंदूंची संख्या व्यर्थ ठरते.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या विमानसुरक्षा यंत्रणेने आभासी वास्तवावर आधारित एका सरावयंत्राला प्रथमच मान्यता दिली. ते यंत्र रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरचे होते. ही मान्यता एकट्या हेडसेटला नव्हती. त्याच्याखाली हलणारे आसन होते, हाती खरे दांडे होते. घरातील तासांनी परवान्याची वही भरत नाही, हे तरुणाने आधीच जाणावे. वैमानिक होण्याची तयारी करायची असेल, तर आकडे स्वच्छ दाखविणारा हेडसेट निवडावा आणि दृष्टिक्षेत्राचा मोह आवरावा. केवळ आपल्या कावेरीवरून एकदा उडावे एवढीच आस असेल, तर हलका, तारेविना चालणारा पुरेसा आहे. कोणत्याही दुकानातील तक्ता ही आस मोजून देत नाही. ती प्रथम स्वतःशी निश्चित करावी लागते. दारासुरमच्या शिल्पकारांनीही आपल्या रथाला उडविण्याचा हट्ट धरला नव्हता.